मांडीवरची चरबी आणि पोटातली चरबी

गेल्या थंडीत आम्ही चार दिवस मेढ्याला घरी जाऊन आलो. मेढ्याची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. दिवस मावळला, वेण्णेच्या अंगाने वारा सुटला, की चुलीपुढची जागा कोणी सोडत नाही. आम्ही आलो म्हणून त्या रात्री मटण होते. एका पातेल्यात रस्सा, दुसऱ्यात पाये. घरातली धाकटी सून सहा महिन्यांची पोटुशी, पाये खास तिच्यासाठी. गुरद्याभोवतीचा चरबीचा गोळा वहिनींनी वेगळा काढला आणि सवयीप्रमाणे कढवून एका वाटीत ठेवून दिला. तेल विकत घेणे परवडत नव्हते त्या दिवसांतली ही सवय. आता घरात तेलाचा डबा असतो, तरी चरबी टाकून देताना त्यांचा हात थांबतो.

सकाळी वहिनींनी आम्हाला हाक मारली. वाटीतली चरबी मेणबत्तीसारखी घट्ट आणि पांढरीफेक झाली होती, बोटाने दाबली तरी ठसा उमटेना. पायांच्या पातेल्यात खाली सगळे वडीसारखे धरले होते. पण त्यावरची चरबी पिवळसर, मऊ होती आणि पातेले कलते केले की कडेने ओघळत होती. (खाली धरलेली वडी चरबीची नव्हे. ती हाडाकातड्यातल्या सरसाची. तो विषय वेगळा.)

"भाऊजी, एकाच बोकडाची ना ही दोन्ही? दोन्ही वाट्या रात्रभर एकाच फळीवर. मग एकीचा दगड आन् एकीचं त्याल कसं?"

वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. पण हा प्रश्न त्यांनी असा विचारला की आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परत आल्यावर पुस्तके काढली, एका ओळखीच्या डॉक्टरांना गाठले, आणि मग कळले की वहिनींच्या त्या दोन वाट्यांत आमच्या घरातल्या दुसऱ्याच एका गोष्टीचे उत्तर दडलेले आहे. म्हणून या वेळचे सदर चरबीवर.

ती दुसरी गोष्ट आधी सांगतो. आमचे थोरले दादा जावळी खोऱ्यातल्या घरोघरच्या माणसांप्रमाणे मुंबईला गेले आणि सगळी उमर बाजारात गोणी वाहण्यात घालवून गावी परतले. उंची पाच फूट तीन इंच, वजन चोपन्न किलो. हातपाय काटकुळे. सदरा घातला की माणूस वाळक्या काठीसारखा दिसतो. पाठीवर शंभर किलोचे ओझे पेलणाऱ्या या माणसाची सातारला रक्ततपासणी झाली ती पायाची जखम महिनाभर भरेना म्हणून. उपाशीपोटी साखर १६८ निघाली. ही साखर शंभराच्या आत असावी लागते, आणि १२६ किंवा त्यावर गेली तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. दादांचीही पुन्हा तपासली. पुन्हा तेच.

दादांना ते पटलेले नाही. "आरं, माझ्या अंगावर हाय काय? हाडं मोज हवी तर. साखर व्हायला माणूस शेठजी असावा लागतो. कुणाचा तरी कागद बदलला आसंल." गोळ्या आणून ठेवल्या आहेत त्या पत्र्याच्या डबीत. आठवण झाली तर घेतात, नाही तर नाही. आणि वर वहिनींकडे बोट दाखवतात. वहिनी कमरेत आणि मांड्यांत भरलेल्या, उंचीने बेताच्या, वजन त्रेसष्ट. "साखर व्हायची तर हिला व्हावी!" वहिनींचीही तपासणी त्याच दिवशी झाली होती. त्यांची साखर ९२.

आता बोकडाकडे वळू.

चरबीच्या प्रत्येक कणाला तीन शेपट्या असतात असे समजा. या शेपट्यांना मेदाम्ले म्हणतात. काही मेदाम्ले सरळ असतात. उसाची मोळी बांधताना सरळ कांडी कशी एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, तशी ती बसतात आणि चरबी थिजते. यांना संपृक्त म्हणतात. काही मेदाम्ले मध्येच वाकलेली असतात. बाभळीच्या वाकड्या फाट्यांची मोळी कितीही आवळा, फटी राहतातच. तशा या चरबीत फटी राहतात आणि ती पातळ राहते. ही असंपृक्त. सरळ जातीतले स्टिअरिक आम्ल जवळजवळ ७० अंश उष्णतेला वितळते, तर एक वाक असलेले ओलेइक आम्ल साधारण १३-१४ अंशांनाच. म्हणजे चरबी दगड होणार की तेल, हे तिच्यात सरळ किती आणि वाकडी किती यावर ठरते.

गुरदा बोकडाच्या पोटात, पाठीच्या कण्याला लागून असतो. तिथे बारा महिने ३९ अंशांच्या आसपास ऊब. तिथली चरबी सरळ जातीची भरपूर असली तरी जित्या जनावरात ती थिजत नाही. पण खूर? बोकड पहाटे दहिवराच्या गवतात उभा असतो. पायाचे टोक धडापेक्षा कितीतरी गार. तिथे गुरद्याची चरबी भरली असती तर पाय लाकडासारखे ताठले असते. म्हणून पायात निसर्गाने वाकड्या जातीची, गारठ्यातही मऊ राहणारी चरबी ठेवली. युरोपात गाईबैलांच्या खुरांपासून आणि नडगीच्या हाडांपासून तेल काढून ते चामडे मऊ ठेवायला वापरीत. थंडीतही ते थिजत नाही, हाच त्याचा गुण. त्याच जनावराच्या पोटातल्या चरबीचे मात्र तेल होत नाही, तिच्या मेणबत्त्या होतात.

ही गोष्ट नुसती तर्काची नाही, ती करून पाहिलेली आहे. १९०१ साली डेन्मार्कच्या हेन्रिक्स आणि हॅन्सन या दोन शास्त्रज्ञांनी डुकरे पाळली. एक गोठणबिंदूच्या गारठ्यात, एक तीस-पस्तीस अंशांच्या उबेत, आणि एक गारठ्यातच, पण अंगावर मेंढीच्या कातड्याचा कोट घालून! कोट घातलेले डुक्कर पाहून शेजारीपाजारी काय म्हणाले असतील ते सोडा. गारठ्यात उघड्या अंगाने राहिलेल्या डुकराची कातडीखालची चरबी सर्वांत मऊ निघाली. कोटवाल्याची तिच्यापेक्षा घट्ट. शिवाय एकाच डुकरात बाहेरचा थर मऊ, आतला थर त्याहून घट्ट आणि गुरद्याभोवतीचा सर्वांत घट्ट. तर वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर हे: एक वाटी जनावराच्या उबदार पोटातली, दुसरी त्याच्या गार पायातली.

माणसाचे काय? माणसातही हा फरक आहे, पण बोकडाइतका ठळक नाही. आपण कपडे घालतो, आणि आपल्या चरबीत बहुतांश आपण खाल्लेले तेलच साठते. माणसाच्या चरबीत साधारण निम्मा वाटा ओलेइक आम्लाचा असतो. नितंब आणि मांड्यांवरच्या चरबीत वाकड्या जातीचे प्रमाण पोटाच्या चरबीपेक्षा थोडे जास्त, आणि पोटात खोल जावे तसे सरळ जातीचे थोडे जास्त. फरक काही टक्क्यांचाच. तेव्हा कोणी "पोटात मेणबत्ती झाली आहे" असे घाबरवू लागला तर त्याचे ऐकू नका. उलट आपल्या अंगातली चरबी ही गेल्या दीड-दोन वर्षांत आपण कोणते तेल खाल्ले याची वहीच असते. शेंगदाण्याच्या तेलात संपृक्त भाग एक पंचमांशाच्याही आत; आपण एके काळी रेशनवरून पिशवी भरून आणत होतो त्या पामतेलात तो जवळपास निम्मा. स्वस्त म्हणून आपल्या वाट्याला काय आले, याची नोंद आपल्याच अंगावर राहते. हे आम्हाला वाचताना टोचले.

पण माणसाच्या बाबतीत चरबी कशाची बनली आहे यापेक्षाही ती कुठे बसली आहे आणि कशी वागते याला महत्त्व जास्त. इथे दादांचे प्रकरण येते.

मार्सेय शहरातल्या झां व्हाग नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७ सालीच लिहून ठेवले होते की जाड माणसे सगळी एकसारखी नसतात. काहींची चरबी कमरेच्या वर, पोटावर. काहींची कमरेखाली, नितंबांवर आणि मांड्यांवर. पहिल्या प्रकारच्या माणसांना मधुमेह आणि हृदयविकार गाठतो, दुसऱ्यांना त्या मानाने कमी. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे शरीराच्या आतले चित्र घेणारी यंत्रे आली आणि पोटाची चरबीही दोन प्रकारची असल्याचे स्पष्ट दिसले. एक कातडीखालची. ती चिमटीत येते. दुसरी पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती. बोकडाच्या आतड्यावर पांढरा जाळीदार पडदा असतो ना, तशी. ती चिमटीत येत नाही. हातपाय बारीक आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे ताणलेले असले, की आत ही चरबी असण्याचा संभव फार.

मांडीवरची चरबी म्हणजे घरातली जुनी पेटी. जेवणानंतर रक्तात आलेली चरबी ती सावकाश आत घेते, कुलूप लावते आणि सहसा बाहेर काढत नाही. बाईच्या शरीरात ही पेटी निसर्गाने मुद्दाम मोठी केली आहे. मूल अंगावर पिऊ लागले की ती उघडते. एरवी न हलणारी मांडीची चरबी त्या दिवसांत सुटू लागते आणि दुधात उतरते. बाळाच्या मेंदूला लागणारी काही मेदाम्लेसुद्धा आईच्या या साठ्यातून जातात. भरल्या अंगाच्या बाईची आपल्यात चेष्टा होते, पण पोराबाळांची पहिली शिदोरी तिने तिथे बांधून ठेवलेली असते.

आतड्यांवरची चरबी म्हणजे बाजारातली उघडी गोणी. कोणीही हात घालावा. तिच्या पेशी चरबी पटकन घेतात आणि पटकन सोडतात. सोडलेली चरबी जाते कुठे? आतड्यांकडून येणारी मोठी रक्तवाहिनी सरळ यकृतात, म्हणजे मटणवाल्याच्या भाषेत कलेजीत शिरते. म्हणजे या चरबीचा मारा आधी यकृतावर. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि नको तेव्हा रक्तात साखर सोडत राहते. शिवाय या चरबीत सूज वाढवणाऱ्या पेशी गोळा होतात, आणि त्यांचे स्राव अंगभर फिरतात. स्वादुपिंड बिचारे जास्त जास्त इन्सुलिन करत राहते आणि एक दिवस थकते.

चरबी किती यापेक्षा कुठे, याचे अमेरिकेतले एक उदाहरण. तिथे पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची चरबी नळीने ओढून काढली. एकेकीची नऊ-दहा किलो. २००४ साली निष्कर्ष छापून आले. बायका हलक्या झाल्या, पण त्यांच्या साखरेत आणि इन्सुलिनच्या कामात सुधारणा झाली नाही. आतली चरबी जिथल्या तिथेच होती! उलट जपानचे सुमो पैलवान. एवढे अवाढव्य, पण नेमाने कसरत करत असेपर्यंत त्यांची बरीचशी चरबी कातडीखाली असते, आत कमी. आपल्या सातारा-सांगलीकडे तालीम सुटली की पैलवानाचे पोट सुटते म्हणतात, त्यातही अनुभव आहेच.

आता दादांचा मुख्य आक्षेप: "अंगावर काही नाही, मग साखर कशी?" याचे उत्तर फार लांबून आणावे लागत नाही. ते पुण्यातच सापडले आहे. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे मधुमेहाचे रोगी येत, त्यांतले कितीतरी इंग्रजी पुस्तकातल्यासारखे जाड नव्हतेच. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघेही शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा अगदी एकच, २२.३. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनाचा काटा दोघांना एकच माणूस समजत होता. गोऱ्याच्या अंगात स्नायू, आपल्या माणसाच्या अंगात चरबी.

हे कुठून सुरू होते हे शोधायला डॉ. याज्ञिकांच्या मंडळींनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास हाती घेतला. त्या आया शेतात राबणाऱ्या, गरोदर होण्याआधी सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. बाळे पावणेतीन किलोच्याही आतली. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन गावातली बाळे साडेतीन किलोची. पुण्याची बाळे सगळ्याच मापात लहान होती. दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी. एक माप मात्र इतरांइतके कमी पडले नव्हते. ते म्हणजे खांद्याच्या फऱ्याखालच्या कातडीची चिमट. वाळकी दिसणारी ही पोरे धडावर चरबी राखून जन्मली होती. पुढे २००९ साली पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांची आतली चित्रे घेऊन तुलना छापली गेली. वजनाने कमी असूनही पुण्याच्या बाळांच्या पोटात चरबी जास्त होती. डॉक्टर याला 'बारीक पण चरबीवाले बाळ' म्हणतात.

(बाळाच्या फऱ्यांमध्ये आणखी एका जातीची, तपकिरी रंगाची चरबी असते. ती साठवत नाही, जाळते आणि बाळाला ऊब देते. मोठ्या माणसांतही ती थोडी शिल्लक असते हे २००९ साली पक्के झाले. म्हणजे एका अंगात चरबीचे किती प्रकार!)

आमच्या मनाला लागलेली गोष्ट ही. दादा कोणत्या साली कोणत्या आईच्या पोटी जन्मले ते आम्हाला माहीत आहे, कारण ती आमचीही आई. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता तिचे दिवस भरले. घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरले तर तिचे. अशा पोटात वाढणारे बाळ काय करणार? मिळेल ते मेंदूला देणार, स्नायूंवर काटकसर करणार, आणि चार दाणे चरबीच्या रूपाने बांधून ठेवणार. जन्मभर उपास घडणार असता तर ही काटकसर त्याला तारून गेली असती. पण दादांनी पुढे मुंबईत दोन वेळ भात खाल्ला, चहात साखर घेतली. गोणी वाहत होते तोवर स्नायू ती साखर जाळत होते. साठी उलटली, ओझे सुटले, स्नायू वाळले. मांडीची पेटी तर जन्मापासूनच लहान. उरलेले सगळे गेले पोटातल्या उघड्या गोणीत. दादांच्या सदऱ्याखाली एक छोटेसे, कडक, गोल पोट आहे. ते आम्हाला कधी दिसले नव्हते, कारण आम्हीही त्यांचे काटकुळे हातच पाहत होतो. साखर हा शेठजीचा रोग आहे ही समजूत आम्ही मंडळींनी फार दिवस सांभाळली. ती आता महाग पडते आहे.

घरच्या घरी काय पाहता येते, तेवढे सांगतो. आपल्या लोकांसाठी उंची-वजनाचा आकडा तेवीसच्या आत असावा, गोऱ्यांचा पंचवीसचा हिशेब आपल्याला चालत नाही. पण दादांचा आकडा एकवीस आहे! म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नये. कंबर मोजावी. पुरुषाची नव्वद सेंटिमीटरच्या आत, बाईची ऐंशीच्या आत. टेप नसेल तर सुतळी घ्यावी. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी कापावी, बरोबर दुमडून निम्मी करावी, आणि श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत कमरेभोवती फिरवावी. टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर एकदा साखर तपासून घ्यावी, मग हातपाय कितीही काटकुळे असोत.

या आतल्या चरबीचा एक गुण मात्र आहे. पटकन भरते तशी पटकन हलतेही. चालायला लागले, भाताचा डोंगर उतरवून ताटात नाचणीची भाकरी, उसळ आणि भाजी आली, की पहिल्यांदा तीच उतरू लागते. मांडीची मागून. बायकांना याचा अनुभव उलट्या बाजूने आहे, "पोट उतरलं पण कंबर काही उतरत नाही." त्यात वाईट काही नाही. दादांसारख्यांनी नुसते चालूही नये. थोडे ओझेही उचलावे, कारण साखर जाळणारी भट्टी स्नायूच. मात्र गोळ्या सोडून हे उपाय नव्हेत, गोळ्यांसोबत. आणि पायाला जखम असताना अनवाणी खाचरात उतरणे तर अजिबात नको.

घरातल्या पोटुश्या सुनेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. "जास्त खाल्लं तर पोर मोठं होतं, बाळंतपण जड जातं" असे आमच्या चुलत्या अजून सांगतात. त्या सहा खेड्यांच्या अभ्यासात दिसले ते वेगळे. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते त्यांची बाळे मोठी निपजली. दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले, आणि ते मिळते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. आपल्याकडे खाण्याची बंदी नाही, पण ताटात पहिला वाटा कोणाचा हे पाहावे लागते. आम्ही त्या रात्री पाहिले. पाये केले सुनेसाठी, आणि पहिले ताट भरले ते आमचे, पाहुण्याचे. दुसरे दादांचे. ती जेवली सर्वांत शेवटी, आणि तिच्या वाटीत नळी उरली नव्हती. हे आमच्या ध्यानात आले ते हात धुतल्यावर. वहिनींनाही तेव्हाच आले असावे, कारण सकाळच्या पातेल्यातला पहिला वाटा त्यांनी न बोलता सुनेपुढे ठेवला.

हे सगळे समजून घेऊन आम्ही पुन्हा एक रविवार मेढ्याला गेलो. दादांना उत्तर द्यायचे होते. पुस्तकातले काही सांगितले नाही, नुसती सुतळी काढली. दादा हसले, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले. उंचीएवढी सुतळी कापली, दुमडली, सदरा वर करून बेंबीवरून फिरवली. टोकांमध्ये सहा-सात बोटांचे अंतर राहिले. दादांनी आमच्या हातातून सुतळी घेतली आणि स्वतःच पुन्हा लावून पाहिली. दोनदा. पोट आत ओढून तिसऱ्यांदा. मग काही न बोलता खाटेवर बसले.

"द्या हिकडं भाऊजी, माझीबी कापा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या सुतळीच्या टोकांतही तीन बोटे अंतर निघाले. पाळी गेल्यापासून बाईचीही चरबी मांडीकडून पोटाकडे सरकू लागते, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही ते सांगायचे टाळत होतो. आता सांगितले. साखर आज ९२ आहे म्हणून कायम राहील असे नाही, आणि गुडघे दुखतात ते त्रेसष्ट किलोपायीच, हेही सांगितले.

वहिनींनी दोन्ही सुतळ्यांना गाठ मारून त्या दिनदर्शिकेच्या खिळ्याला अडकवल्या. दादांनी फळीवरची पत्र्याची डबी काढली, झाकण उघडले आणि आत किती गोळ्या उरल्यात त्या मोजू लागले.